आरशाचा मेळ आणि ताऱ्याची साक्ष

हवाई बेटावरील मौना केआ शिखरावरच्या केक दुर्बिणीचा 10 मीटर व्यासाचा मुख्य आरसा अखंड नसून 36 षट्कोनी तुकड्यांचा आहे. शेजारच्या तुकड्यांच्या कडांमधील उंचीचा फरक 168 संवेदक नॅनोमीटरच्या, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाच्या, मापात टिपतात आणि त्यानुसार प्रत्येक तुकड्यामागची 3 चालक यंत्रे त्याला सेकंदाला दोनदा सावरतात. हे नियंत्रण केवळ शेजाऱ्यांच्या परस्परमेळावर चालते. त्यामुळे कडा जवळजवळ जुळलेल्या असूनही आरशाची एकूण वक्रता हळूहळू ढळू शकते, आणि तो दोष हेरण्यासाठी अधूनमधून प्रत्यक्ष ताऱ्याचा प्रकाश तपासावा लागतो.

ज्ञानाच्या खरेपणाविषयीचा भारतीय दर्शनांतील जुना वाद येथे मूर्त होतो. मीमांसक ज्ञानाचे प्रामाण्य, म्हणजे त्याची विश्वासार्हता, ज्ञानाच्या ठायीच मानतात, तर नैयायिक ते यशस्वी व्यवहारासारख्या बाहेरच्या कसोटीवरून ठरवतात. ताऱ्याकडे वळणारा आरसा नैयायिकांच्या बाजूने झुकतो खरा. परंतु ताऱ्याची साक्षही अखेर एका उपकरणानेच वाचायची असल्याने, त्या कसोटीची कसोटी कोणी घ्यायची, हा मीमांसकांचा आक्षेप शिल्लक राहतो. कुठेतरी एका वाचनावर विश्वास ठेवल्याशिवाय निरीक्षणाला आरंभच होत नाही, आणि तो विश्वास पुन्हा तपासण्याची तयारी नसेल तर ते निरीक्षण उरत नाही.