आधी झाकण उघड!

बस समोर. तळ्यातले कोई मासे वर येऊन तोंडं उघडमीट करताहेत आणि तू मला विचारतोस, "सर, आणखी मोठा फिल्टर घेऊ का?" अरे, आहे त्याचं झाकण शेवटचं कधी उघडलंस? आज मी उघडलं. स्पंजावर बोटभर गाळ, पाणी स्पंजातून जायचं सोडून कडेनं वाहतंय. पिळला तर बादलीभर काळं पाणी निघालं, वर सडका वास!

एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. स्पंज घाण नाहीशी करत नाही, नुसती अडवतो. ती बाहेर काढायची तुझ्या हातांनी. अडकलेली विष्ठा, उरलेलं खाद्य, कुजकी पानं त्याच पाण्यात राहतात, प्राणवायू खातात आणि अमोनिया सोडतात. फिल्टर म्हणून तू तळ्याला उकिरडा जोडून ठेवलायस.

मांडणीही उलटी! सिरॅमिकच्या रिंगा पहिल्या आणि स्पंज मागे? रिंगांवरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. त्यांना प्राणवायू लागतो. गाळाखाली दबले की संपले. म्हणून आधी ब्रश, मग जाड स्पंज, मग बारीक, आणि रिंगा शेवटी. पंप तळाशी उघडा ठेवलास, त्यात विष्ठेचा भुगा होतो आणि भुगा स्पंजातून निसटतो. गाळ बसायची टाकी आधी, पंप तिच्यानंतर.

वर रिंगा नळाखाली खसाखसा धुतल्याचं कौतुकानं सांगतोस! नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं जिवाणू मेले. ब्रश धू खुशाल नळाखाली. रिंगा मात्र तळ्याच्याच पाण्यात हलक्या हातानं हलवायच्या.

पाणी हिरवं झालं म्हणून आणखी बारीक स्पंज? रोग रेड्याला, औषध पखालीला! तरंगतं शेवाळ त्यातूनही आरपार जातं. त्याला सावली हवी, यूव्ही दिवा हवा आणि तुझा खाद्य टाकणारा हात आखडता हवा.

उन्हाळ्यात तर हयगय चालणारच नाही. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साधारण 7.5. गाळ त्यातला वाटा खातो, आणि त्याच उन्हानं अमोनियाही जास्त विषारी होतो. वीज तासन्‌तास गेली तर फिल्टरच्या डब्यातलं पाणी नासतं. पंप सुरू करताना ते पहिलं पाणी तळ्यात नाही, बाहेर सोडायचं.

नीट सांभाळला तर कोई वीस वर्षांहूनही जास्त जगतो. नदीतला मासा घाण पाण्यातून निघून तरी जाईल. यानं कुठं जायचं? तू त्याला चार भिंतींत कोंडलंस, तेव्हा त्याचं पाणी ही तुझी जबाबदारी झाली. वेळ नव्हता, हे कारण मी ऐकून घेणार नाही.

ऊठ. खाद्य बंद कर, स्पंज धू, क्लोरीन काढलेल्या पाण्यानं पाव तळं बदल. रोज अमोनिया मोजून वहीत लिही. तो शून्यावर आलेला मला दाखव, मगच खाद्याच्या डब्याला हात लाव.