वाटेची खबर

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आपण सारेच वापरतो. पण ती प्रथम उच्चारणाऱ्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. डोंगर जवळून तितका साजरा नसतो, हे त्याला कळले कसे? एक तर तो स्वतः चढून आला असला पाहिजे, किंवा चढून आलेल्या कोणाचे तरी त्याने ऐकले असले पाहिजे. म्हणजे ही म्हण मुळात एक खबर आहे. पुढे जाऊन आलेल्याने मागून येणाऱ्याला दिलेली. अशी खबर देणाऱ्यावर कोणते दायित्व येते आणि ऐकणाऱ्याचे दायित्व कोठे सुरू होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

डोईफोडिया-खकनार परिसरात पिढ्यान्‌पिढ्या वस्ती करून राहिलेल्या आपणां मराठी कुटुंबांना हा प्रश्न अगदीच परका नाही. सातपुड्याच्या रांगा आणि तापीचे खोरे यांच्या कुशीत राहणाऱ्याला पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतेच : नदीला उतार आहे का? रपट्यावरून पाणी गेले का? उत्तर देणारा दोन शब्द बोलतो आणि आपल्या कामाला लागतो. विचारणारा मात्र त्या दोन शब्दांच्या भरवशावर गाडी, बैल आणि बायकामुले पाण्यात घालतो. दोघांच्या वाट्याला आलेला भार किती विषम आहे! आपल्या गावाच्या नावातच डोई फोडण्याचा ध्वनी आहे. त्याची व्युत्पत्ती काहीही असो, घाईने चढू पाहणाऱ्याला सावध करण्यास ते नाव शोभते खरे.

तथापि नेहमीच्या व्यवहारात हा प्रश्न पुसट राहतो, कारण चुकीच्या खबरीची किंमत बहुधा भिजण्यापलीकडे जात नाही. ती किंमत जेथे स्पष्ट आकड्यांत दिसते, असे स्थळ घेऊन विचार केला तर तो नेमका होतो. म्हणून आम्ही सातपुड्याचे सर्वोच्च शिखर धूपगड सोडून, ज्याची उंची 1,352 मीटर आहे, थेट एव्हरेस्टकडे वळतो. 2020 साली नेपाळ आणि चीन यांनी त्याची उंची 8,848.86 मीटर अशी जाहीर केली. हे शिखर आपल्याला वाटते तितके दूरचेही नाही. ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातून पुढे त्याची उंची प्रथम सिद्ध झाली, त्याची मध्यरेषा विदर्भ आणि सातपुडा ओलांडून उत्तरेकडे गेली होती आणि त्या कार्याचे प्रवर्तक विल्यम लॅम्बटन यांचा देह 1823 साली हिंगणघाट येथे पडला.

आता त्या पर्वताचे ऋतुमान पाहू. हिवाळ्यात आणि वसंताच्या आरंभी आकाशात अतिशय उंचीवरून वाहणारा जेट प्रवाह शिखराला झोडपत असतो. त्या वाऱ्याने हिम उडून जाते आणि खाली निळा, काचेसारखा कठीण बर्फ उघडा पडतो. त्यावर क्रॅम्पॉनचे दातही जेमतेम रुततात. मान्सूनचा मोसम आला की नवे हिम साचते आणि उतारांवरून हिमलोट सुटतात. पावसाळा सरल्यावर शरदात आकाश निवळते. पण ताजा थर अजून बसलेला नसतो, दिवस आखूड होत जातात आणि थंडी वाढते. या सगळ्यांच्या मधोमध, साधारणपणे मे महिन्याच्या मध्यापासून पुढे, मान्सून येऊन ठेपण्यापूर्वी जेट प्रवाह उत्तरेकडे सरकतो आणि शिखरावरचा वारा काही दिवस पडतो. हिम तुडवून घट्ट झालेले असते, दोर बांधून झालेले असतात. वर्षभराच्या तयारीचे सार्थक करणारे ते मोजके दिवस. 1953 सालच्या 29 मे रोजी तेनसिंग आणि हिलरी शिखरावर उभे राहिले, तेही याच ऋतूत.

ऋतूची ही माहिती पुस्तकात मिळते. वाटेची खबर मात्र पुस्तकात मिळत नाही, कारण तिला वय असते. 5,364 मीटर उंचीवरील तळछावणीच्या वर लागलीच खुंबू हिमप्रपात आहे. ती हिमनदी सतत सरकत असते. काल ज्या भेगेवर एक शिडी पुरली, तिच्यावर आज दोन शिड्या जोडाव्या लागतात. सूर्य वर आला की बर्फाचे मनोरे सैल होतात, म्हणून तो टप्पा पहाटेच्या अंधारातच ओलांडतात. येथे ‘वाट खुली आहे’ या वाक्यापुढे तास लिहिला नाही, तर ते वाक्य खरे असूनही निरुपयोगी ठरते. आणि तास लिहिला तरी ते पुरेसे होईलच असे नाही. 18 एप्रिल 2014 रोजी सकाळच्या प्रहरीच पश्चिम खांद्यावरचा हिमकडा कोसळला आणि 16 नेपाळी कामकरी दगावले. पुढच्या वर्षी वाट त्या खांद्यापासून दूर, मध्याकडे नेण्यात आली. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार साऊथ कोल येथील हिमनदीची जाडी गेल्या सुमारे 25 वर्षांत 54 मीटरांच्या आसपास घटली आहे. तेवढे बर्फ साठायला सुमारे 2,000 वर्षे लागली होती. याचा अर्थ असा की, एका पिढीने प्रामाणिकपणे सांगितलेली वाट दुसऱ्या पिढीसाठी जशीच्या तशी खरी राहत नाही. खबर देणाऱ्याचे पहिले दायित्व त्यातून निघते : आपले ज्ञान केव्हाचे आहे, हे त्याने ज्ञानाबरोबरच सांगितले पाहिजे.

दुसरे दायित्व अधिक सूक्ष्म आहे. महाभारतात युधिष्ठिराने अश्वत्थाम्याविषयी उच्चारलेले अर्धसत्य आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्याचे शब्द खोटे नव्हते. परंतु ऐकणाऱ्या द्रोणांच्या मनात जे उतरणार, ते खोटे आहे हे त्याला कळत होते. म्हणूनच भूमीला न टेकता चालणारा त्याचा रथ त्या क्षणी जमिनीवर आला. सत्याचे माप बोलणाऱ्याच्या शब्दांत पुरते सापडत नाही. ते ऐकणाऱ्याने त्यातून काय घेतले, येथपर्यंत जाऊन घ्यावे लागते. ‘दोर शिखरापर्यंत बांधले आहेत’ हे वाक्य अनुभवी गिर्यारोहकाने ऐकले तर त्याला एक वस्तुस्थिती कळते. तेच नवख्याने ऐकले तर त्याला अभय मिळते. शब्द तेच, दुसऱ्या प्रसंगी ते अर्धसत्य होतात. विचारणारा कोण आहे, त्याच्या खांद्यावर किती ओझे आहे, हे न पाहता दिलेले उत्तर खरे असूनही अपुरे आहे.

येथे अलीकडच्या काळाने एक नवाच पेच उभा केला आहे. पूर्वी हवामानाचा अंदाज धूसर असे, म्हणून निरनिराळ्या तुकड्या निरनिराळ्या दिवशी निघत. आता वारा कोणत्या दिवशी पडणार, हे सर्वांना एकाच वेळी आणि बऱ्याच अचूकपणे कळते. त्यामुळे सारे एकाच दिवशी निघतात. पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे 8 गिर्यारोहक उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेत 19 मे 2012 रोजी शिखरावर पोहोचले आणि मराठी मनाला सार्थ अभिमान वाटला. पण त्याच दिवशी वाटेवर मोठी गर्दी झाली होती आणि इतर पथकांतील काही जण परत आले नाहीत. 2019 साली नेपाळने 381 परवाने दिले. वारा पडलेले दिवस थोडे निघाले, शिखराखालच्या कण्यावर माणसांची रांग लागली आणि त्या वसंतात एव्हरेस्टवर 11 जणांचा मृत्यू झाला. त्यांत महाराष्ट्रातील दोघे होते. हवामानाची खबर खोटी नव्हती. सर्वांनी ती एकदमच मानल्यामुळे वाटेचे रूप पालटले. एकट्यासाठी जे सत्य, ते सर्वांनी एकाच वेळी आचरल्यावर सत्य राहतेच असे नाही. नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनी या गोष्टीचा जितका विचार करावा तितका थोडाच.

मग सुरक्षित मार्ग म्हणून नेहमी ‘वाट बंद आहे’ असेच सांगावे काय? पुष्कळ सज्जनांना तसा मोह होतो. वडीलधारी माणसे मुलांना तसे सांगतातही. त्यात माया असते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु जो प्रत्येक वेळी ‘जाऊ नका’ म्हणतो, त्याच्या शब्दांतून पुरेसे पाणी आणि प्रलय यांतला भेद नाहीसा होतो. खरोखरीच पूर येतो त्या दिवशी त्याचे कोणी ऐकत नाही. शिवाय दुसऱ्याने काय करावे, हे ठरविण्याचा अधिकार त्याने नकळत स्वतःकडे घेतलेला असतो. खबर देणे आणि निर्णय देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सतत भिवविणारा आणि सतत उत्तेजन देणारा, दोघेही विचारणाऱ्याच्या विवेकाला सारखेच वंचित करतात.

या संदर्भात भारतीय गिर्यारोहणाच्या इतिहासातील एक पर्व मननीय आहे. 1960 सालची भारतीय मोहीम शिखराच्या सुमारे 700 फूट खालून परतली. 1962 साली सोनम ग्यात्सो, हरी डांग आणि मोहनसिंग कोहली शिखरापासून सुमारे 400 फुटांवर पोहोचले आणि वादळी वाऱ्यामुळे मागे फिरले. दोन्ही वेळा लोकांनी त्याला अपयश म्हटले असेल. पण 1965 साली कोहलींच्या नेतृत्वाखाली जी मोहीम निघाली, तिच्याजवळ या दोन परतींचे ज्ञान होते. वरच्या छावण्या उभ्या राहिल्यानंतरही हवा बिघडताच तिने सदस्यांना खाली आणले आणि वारा पडेपर्यंत धीर धरला. 20 मे ते 29 मे या काळात चार तुकड्यांतून 9 जण शिखरावर गेले. त्यांत ग्यात्सो होते, तसेच 1960 साली माघारी फिरलेले नवांग गोम्बूही होते. कोहली स्वतः मात्र शिखरावर गेले नाहीत. मोहिमेचा नायक खालीच राहिला आणि त्याच्या हाताखालचे नऊ जण वर जाऊन सुखरूप उतरले. परत येणाऱ्याची खबर ही सर्वांत मोलाची असते, कारण ‘येथपर्यंत जाता येते आणि येथून फिरावे लागते’ ही दोन्ही टोके तोच सांगू शकतो.

ऐकणाऱ्याच्या बाजूचाही विचार झाला पाहिजे. मध्य प्रदेशातील सीहोर जिल्ह्याच्या मेघा परमार 2018 साली शिखराच्या सुमारे 700 मीटर खालून परतल्या आणि 22 मे 2019 रोजी शिखरावर पोहोचल्या. ज्या पावलाने त्या पहिल्या वर्षी मागे फिरल्या, ते पाऊल त्यांच्यासाठी दुसऱ्या कोणी उचलू शकत नव्हते. वाटाड्या सांगू शकतो, हवामानतज्ज्ञ सांगू शकतो; निर्णय ज्याच्या पायांचा आहे त्याचाच असतो. ‘त्यांनी वाट खुली आहे असे सांगितले होते’ हे वाक्य न्यायालयात कदाचित चालेल, मनाच्या दरबारात चालत नाही. खबर मागणाऱ्याने आपला विवेक सांगणाऱ्याकडे गहाण ठेवता कामा नये. तसे केले तर तो स्वतःही हलका होतो आणि सांगणाऱ्यावर न पेलणारे ओझे टाकतो.

अखेरीस या खबरीची किंमत कोण भरतो, हेही सांगणे प्राप्त आहे. हिमप्रपातातील वाट दर वसंतात सगरमाथा प्रदूषण नियंत्रण समितीने नेमलेले शेर्पा पथक तयार करते. त्यांना ‘हिमप्रपाताचे डॉक्टर’ म्हणतात. ते सर्वांच्या आधी जातात, शिड्या टाकतात, दोर बांधतात आणि मोसमभर दुरुस्ती करीत राहतात. गिर्यारोहक तो टप्पा मोजक्या वेळा ओलांडतो. सामान वाहणारा शेर्पा त्याहून कितीतरी अधिक वेळा. 2014 साली जे 16 जण गेले, त्यांत शिखराची कीर्ती मिळविण्यासाठी आलेला कोणी नव्हता. म्हणून वाट खुली असल्याची प्रत्येक खबर ही कोणीतरी आपल्या देहाने केलेली चाचणी असते. तिच्याबद्दल कृतज्ञता, योग्य मोबदला आणि त्यांच्या कुटुंबांची पुरेशी तरतूद ही दानधर्माची बाब नसून ऋण फेडण्याची बाब आहे.

आपले पूर्वजही कोणाच्या तरी सांगण्यावर या खोऱ्यात उतरले असतील. कोठे पाणी आहे, कोणती जमीन कसदार, कोणत्या घाटाने गाडी जाते, हे त्यांना इथल्या कोरकू बांधवांनी आणि आधी आलेल्यांनी सांगितले असणार. ते ज्ञान आज आपल्या हाती आहे, आणि पाऊस, नदी, जंगल या साऱ्यांचे रूप पालटत असल्यामुळे ते झपाट्याने जुने होत आहे. नव्या पिढीला ते देताना आपण एवढे पथ्य पाळावे : जे पाहिले ते सांगावे, केव्हा पाहिले तेही सांगावे, ऐकणाऱ्याचे ओझे पाहून सांगावे आणि पाऊल मात्र त्याचे त्याला उचलू द्यावे.