चल म्हणणाऱ्याची जबाबदारी

३१ डिसेंबर हा पोप संत सिल्वेस्टर यांचा सण. त्यांच्या नावाने ब्राझीलमधील साओ पावलो येथे १९२५ साली धावण्याची शर्यत सुरू झाली. १९८८ पर्यंत ती रात्री होत असे, आता सकाळी होते. स्पेनमधील माद्रिद शहरात १९६४ पासून त्याच दिवशी होणारी १० किलोमीटरची शर्यत मात्र अजून संध्याकाळीच धावतात.

समजा, जेवणाच्या टेबलावर एक मित्र दुसऱ्याला म्हणतो, “चल, आज आपणही धावू!” (नोंदणी शिल्लक असली तर!) सराव कुणाचाच नाही. दोन किलोमीटरवर एकाला धाप लागते. दुसऱ्याचे पाय अजून ताजे आहेत. त्याने थांबावे का?

थांबण्याचे वचन कुणी दिले नव्हते. शिवाय आपल्यामुळे मित्र रखडला ही बोचणी दमलेल्याला अधिक लागते. हा आक्षेप आम्हांला खरा वाटतो. पण “चल” कोण म्हणाले? नुसते धावायचेच असते, तर तो एकटाही गेला असता. त्याला सोबत हवी होती आणि सोबत दुसऱ्याच्या वेगासकट येते. मित्रच मनापासून “तू हो पुढे” म्हणाला, तर खुशाल जावे. मात्र शेवटच्या रेषेपाशी, थंडी असली तरी, त्याची वाट पाहावी.

संत योहानाच्या शुभवर्तमानात पेत्र आणि दुसरा शिष्य कबरीकडे धावत निघतात. दुसरा शिष्य पुढे जातो, आधी पोहोचतो, वाकून पाहतो; पण आत जात नाही. पेत्र मागून येतो आणि आधी तोच आत जातो.