डुकरांची वंशावळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. रोगाचे कूळ मात्र शोधावेच लागते. प्रश्न असा की, कूळ सापडल्यावर गुन्हेगारही सापडला असे मानावे काय?

बीडच्या बाजूला कैकाडी, वडार ह्या समाजांतली काही कुटुंबे डुकरे पाळतात. गावाच्या कडेला खोपट, आणि डुकरे उकिरडे हुंगत गावभर. गावाला ती नकोशी वाटतात. उकिरडा गावानेच घातलेला असतो, हे मात्र कोणी बोलत नाही. २००९ साली ३ ऑगस्टला पुण्यात 'स्वाइन फ्लू'चा देशातला पहिला बळी गेला. नावातच आरोपी ठरून गेला होता! वास्तविक तो ताप आपल्याकडे डुकरांनी आणला नाही. विमानातून उतरलेल्या माणसांनी आणला.

विषाणूंचे कूळ शोधण्याची रीत आपल्याला अगदीच परकी नाही. भांडारकर संस्थेच्या पंडितांनी १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या पोथ्या ताडून पाहिल्या. दोन पोथ्यांत एकच चूक आढळली, तर त्या एकाच पोथीवरून उतरल्या असाव्यात, हा त्यांचा एक आडाखा. विषाणूही आपली नक्कल करताना चुकतो, आणि त्या चुका पुढच्या पिढ्यांत उतरतात. ह्या चुका ताडून पाहिल्या तेव्हा २००९ च्या विषाणूचे गोत्र उलगडले. त्याच्या जनुकांचे आठ तुकडे. तीन अमेरिकेतल्या डुकरांच्या जुन्या घराण्यातले, दोन युरोप-आशियातल्या डुकरांकडचे, दोन मुळात पक्ष्यांचे आणि एक चक्क माणसाच्या फ्लूचा. मेक्सिकोतल्या डुकरांत हे सारे एकत्र आले. बरे, ते जुने अमेरिकन घराणे तरी कोठले? १९१८ च्या महासाथीतले. आणि तेव्हा माणसानेच तो ताप डुकरांना दिला असावा, असा पुष्कळ तज्ज्ञांचा कल आहे. एवढेच काय, २००९ मध्येही कॅनडा आणि नॉर्वेतल्या डुकरांना तो माणसांकडून झाल्याची नोंद आहे. आता फिर्याद कोणी कोणावर करायची?

इजिप्तने त्या वर्षी असले प्रश्न विचारले नाहीत. देशातली सुमारे तीन लाख डुकरे मारून टाकली. साथ थांबली नाही. कैरोत मात्र कचऱ्याचे ढीग साचले, कारण शहराचा ओला कचरा तीच डुकरे खात होती.

नरकचतुर्दशीला पहाटे आपण कारीट फोडतो. तो नरकासुर पुराणांप्रमाणे वराहाचा आणि भूमीचा पुत्र. पण त्याच्या पापाचा ठपका वराहावर कोणी ठेवला नाही. देवांच्या बाबतीत आपल्याला हा विवेक सहज साधतो. माणसांच्या बाबतीत काय केले? १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा निघाला आणि पुढे कैकाडी धरून कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. १९५२ साली तो रद्द झाला, तोवर कूळ हाच पुरावा होता.

ही केवळ न्यायाची गोष्ट नाही. २०२० मध्ये आसाम-अरुणाचलात आफ्रिकन डुक्करज्वर आला. माणसाला तो होत नाही, डुकरांना मात्र सोडत नाही. ह्याचेही कूळ लागले आहे: २००७ साली जॉर्जियात उतरलेली, २०१८ साली चीनमध्ये पोचलेली हीच शाखा. जॉर्जियात ती बहुधा जहाजावरच्या उष्ट्याबरोबर आली. म्हणजे पुन्हा माणसाचाच उकिरडा. हा रोग आढळला की भोवतालच्या एक किलोमीटरातली सारी डुकरे मारायची, असा आपला नियम आहे. नियम बहुधा योग्यच असेल. पण खोपटातल्या माणसाची सारी पुंजी त्या चार जनावरांत असते. नमुना घ्यायला आलेला मनुष्य त्याला पोलिसासारखा भासला, तर तो आजारी जनावर दडवील, रातोरात विकील, आणि वंशावळीतले नेमके तेच पान कोरे राहील.

तेव्हा त्या दारात आधी विचारावे, की डुकराने खाणे केव्हापासून टाकले. कोठून आणले, कोणाला विकले, हे मागाहून. आणि भरपाई किती नि केव्हा मिळेल, ते सुई टोचण्याआधी सांगावे.