भार, आयुष्य आणि अपूर्व

कर्म एका क्षणी घडते आणि त्याचे फळ कित्येक वर्षांनी पदरात पडते. मधल्या काळात ते फळ राहते कोठे, हा प्रश्न आपल्या मीमांसकांना फार प्राचीन काळी पडला. याग आहुती पडताच संपतो, स्वर्ग मात्र देहपातानंतरचा; मग संपून गेलेले कारण पुढच्या कार्याला जन्म कसे देणार? ही अडचण दूर करण्यासाठी त्यांनी ‘अपूर्व’ नावाची अदृश्य शक्ती मानली, आणि नैयायिकांनी तिच्या जागी आत्म्यात वास करणारे ‘अदृष्ट’ कल्पिले. आधुनिक मनाला ही निव्वळ तर्काची ओढाताण वाटते. परंतु गावाच्या शिवारात दोन खांबांवर उभ्या असलेल्या, लोक ज्याला ‘डीपी’ म्हणतात त्या रोहित्राच्या भारक्षमतेचा विचार करू लागले, म्हणजे मीमांसकांची अडचण किती खरी होती हे ध्यानात येते.

रोहित्राच्या अंगावर धातूची एक पाटी जडवलेली असते व तिच्यावर ‘100 केव्हीए, 11000/433 व्होल्ट’ अशा मजकुराची नोंद असते. ही क्षमता किलोवॉटमध्ये न सांगता केव्हीएमध्ये सांगण्यात मोठी मार्मिकता आहे. कारण यंत्र तापते ते त्याच्यावरच्या दाबामुळे व त्यातून वाहणाऱ्या प्रवाहामुळे, आणि त्या प्रवाहातून पलीकडे काम किती निष्पन्न झाले याची विचारपूस त्याची तांब्याची वेटोळी करीत नाहीत. पाटीवरील आकड्याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की प्रत्येक फेजमधून सुमारे 133 अँपिअर प्रवाह निर्धास्त घ्यावा; 5 अश्वशक्तीचा पंप साधारण 7 अँपिअर घेतो असे धरले, तर एकोणीस पंपांचा भार झाला.

आता रब्बीच्या हंगामात वीज येताक्षणी ऑटो स्विचच्या कृपेने तीस पंप एकदम सुरू झाले, तर काय होते? त्या दिवशी बहुधा काहीच होत नाही. प्रवाह दीडपट झाला की तांब्यातली उष्णता सव्वादोनपट होते हे खरे. पण टाकीतले तेल सावकाश, काही तासांनी तापते, आणि तोवर पुरवठ्याची वेळ संपून रात्रीच्या गारव्यात ते निवूही लागते. म्हणूनच जाणकार अभियंते अल्पकाळचा अतिभार सर्वस्वी निषिद्ध मानीत नाहीत. पाटीवरचा आकडा हा भार आणि आयुष्य यांच्यातला करार आहे: हवेचे तापमान अमुक असता एवढाच भार घातलात, तर एवढी वर्षे सेवा मिळेल. कराराचा भंग करण्यास कोणी आडवे येत नाही. फ्यूज आडवा येऊ पाहतो, तर त्याच्या वितळतारेच्या जागी जाड तार घालून आपण त्या पहारेकऱ्यालाच बडतर्फ करतो.

भंगाची नोंद मात्र होत असते, आणि ती होते कागदावर. वेटोळ्यांची तांब्याची तार कागदात गुंडाळून तेलात बुडवलेली असते. तेल गाळता येते, बदलता येते. तांबे असल्या उष्णतेला सहसा दाद देत नाही. आतल्या कागदाची झीज मात्र कधीच भरून निघत नाही. मॉन्टसिंगर या अमेरिकन अभियंत्याने 1930 साली असा नियम मांडला, की तापमान दर 8 अंशांनी वाढले की या आवरणाचे आयुष्य निम्मे होते; पुढे आंतरराष्ट्रीय मानकाने साध्या कागदासाठी 98 अंश हे प्रमाण धरून तेच अंतर 6 अंशांवर आणले. नव्या कागदातील सेल्युलोजच्या साखळीत सुमारे 1000 कड्या असतात. त्या तुटत तुटत 200 च्या आसपास आल्या, की तो हाताने कुस्करण्याइतका ठिसूळ होतो. तरीही यंत्र चालूच असते! मग एखाद्या वादळी दिवशी फांदी तारांवर पडते, क्षणभर प्रचंड प्रवाह उसळून वेटोळी हिसकली जातात, कागद फाटतो आणि रोहित्र जळते. लोक फांदीला दोष देतात. फांदी हे निमित्त. कारण कित्येक हंगाम आधीच कागदात साठले होते. मीमांसक ज्याला अपूर्व म्हणत होते त्याचे इतके मूर्त उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

परंतु हे साम्य येथेच थबकते, आणि जेथे ते थबकते तेथेच खरा प्रश्न उभा राहतो. आपल्या दर्शनकारांनी कृतहानि आणि अकृताभ्यागम हे दोन मोठे दोष मानले: केलेल्याचे फळ बुडू नये आणि न केलेल्याचे फळ माथी येऊ नये. रोहित्राच्या दरबारात हे दोन्ही दोष राजरोस घडतात. ज्याने चोरून आकडा टाकला त्याचा आणि ज्याने बिलाची पै न् पै चुकती केली त्याचा, दोघांचाही ऊस एकाच आठवड्यात वाळू लागतो. आणि ज्याने दहा वर्षे अतिभार घातला, तो जमीन विकून शहरात गेलेला असल्यास त्याला त्या अंधाराची झळही लागत नाही. कागद भाराची नोंद ठेवतो, भार घालणाऱ्याच्या नावाची ठेवत नाही.

म्हणून ‘करावे तसे भरावे’ एवढ्या शिकवणुकीवर येथे भागत नाही. फळ कर्त्याकडेच परतणार असते, तर संयमाला धूर्तपणाही पुरला असता. मनुष्य आपल्याच नफ्यातोट्याच्या हिशेबाने एकोणिसाव्या पंपाशी थांबला असता. जेथे एकाच्या कर्माचे फळ सर्वांच्या वाट्याला, आणि तेही उशिरा येते, तेथे स्वार्थाचा हिशेब लंगडा पडतो, आणि शिक्षेची शक्यता नसतानाही मर्यादा पाळण्याची जी बुद्धी लागते, तिलाच धर्म म्हणावे लागते. विसाव्या पंपाचे बटण दाबू पाहणाऱ्या मनुष्याला वीजशास्त्र परिणाम सांगू शकेल. हात आखडता घेण्याचे कारण मात्र त्याला धर्मविचारातूनच मिळवावे लागेल.