मिस्टर नोव्हाक आणि मौनाची किंमत

अमेरिकेतील एनबीसी या वाहिनीवर २४ सप्टेंबर १९६३ रोजी 'मिस्टर नोव्हाक' ही कृष्णधवल मालिका सुरू झाली व १९६५ साली संपली. लॉस एंजेलिसमधील एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायला आलेला तरुण शिक्षक जॉन नोव्हाक हा तिचा नायक; ती भूमिका जेम्स फ्रान्सिस्कसने केली. त्यापूर्वी तिकडच्या पडद्याला शिक्षक ठाऊक होता तो एक तर 'अवर मिस ब्रुक्स'मधल्यासारखा हसवणारा, नाही तर १९५५च्या 'ब्लॅकबोर्ड जंगल' चित्रपटातल्यासारखा, दांडगट मुलांशी झुंजणारा. नोव्हाक या दोहोंहून निराळा होता. अध्यापन हे प्रौढ माणसाने आयुष्य वेचावे असे कार्य आहे, हे त्याने गृहीतच धरले होते. मालिकेला पीबॉडी पारितोषिक लाभले. शिक्षणसंस्थांनीही तिचा गौरव केला.

परंतु मालिकेचा खरा प्राण मला नोव्हाकच्या ध्येयवादात दिसत नाही. तो दिसतो मुख्याध्यापक अल्बर्ट व्हेन यांच्याशी असलेल्या त्याच्या नात्यात. डीन जॅगर यांनी रंगविलेले हे व्हेन अनुभवी आणि काहीसे करडे. नोव्हाक विद्यार्थ्याच्या जीवनात धाव घेऊन शिरू पाहतो. व्हेन त्याला थांबवून विचारतात, की या धावण्याचे पुढे काय होणार? ध्येयवादी माणसाला असा प्रश्न नेहमीच भित्रेपणाचा वाटतो. पुष्कळदा तो तसा असतोही. येथेच नैतिक पेच आहे. विवेक आणि भय हे दोघे एकच भाषा बोलतात. 'अजून वेळ आलेली नाही,' 'मुले लहान आहेत,' 'लोक काय म्हणतील याचाही विचार हवा': ही वाक्ये शहाण्याच्या तोंडी शोभतात आणि भेकडाच्याही. मग ऐकणाऱ्याने ओळखावे कसे?

या पेचाचा निवाडा पडद्यावर नव्हे, पडद्यामागे करण्याची वेळ आली. १९६४ साली 'मिस्टर नोव्हाक' आणि 'डॉ. किल्डेअर' या दोन मालिकांना जोडणारी, गुप्तरोगाविषयीची दोन भागांची कथा योजण्यात आली होती. वाहिनीने तिला नकार दिला. त्या नकारामागे काहीच तथ्य नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. 'मिस्टर नोव्हाक' मंगळवारी सायंकाळी साडेसातला लागत असे. त्या वेळी थोरल्या भावंडांशेजारी धाकटीही बसलेली असत, आणि आपल्या घरात कोणता विषय कधी काढावा हे ठरविण्याचा आईबापांचा अधिकार क्षुल्लक नव्हे. पण दुसरी बाजूही पाहावी. उपदंश हा पेनिसिलिनने बरा होतो, हे १९४३ पासून वैद्यकाला ठाऊक होते. म्हणजे औषध होते. पोचायला हवे होते ते ज्ञान. लाजेने गप्प राहिलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला ते कोणी सांगायचे?

मला वाटते, विवेक आणि भय यांतील भेद शब्दांत सापडत नाही. मौनाची किंमत कोण मोजतो, यात तो सापडतो. विवेकी माणूस मुलापुढे गप्प राहतो तेव्हा त्या मौनाचे ओझे स्वतः उचलतो: त्या मुलाच्या घरी जातो, आईबापांशी बोलतो, त्याला डॉक्टरकडे नेतो, वेळ येईपर्यंत त्याच्यावर लक्ष ठेवतो. भय गप्प राहते आणि निघून जाते. किंमत मुलाच्या नावावर लिहिली जाते. व्हेन नोव्हाकला अडवतात, पण शाळा सोडून जात नाहीत. उद्या सकाळी तोच मुलगा त्यांच्याच दारात उभा राहणार असतो. वाहिनीच्या दारात कोण उभे राहणार होते?

हीच कसोटी नोव्हाकलाही लावली पाहिजे, आणि तेथे त्याच्या चाहत्यांना थोडे अवघडल्यासारखे होईल. सत्य सांगून टाकण्याच्या उमाळ्यातही किंमत दुसऱ्याच्या माथी मारता येते. मुलाचे गुपित चारचौघांत उघडे करून, आपण किती निर्भीड, या समाधानात घरी जाणारा शिक्षक त्या वाहिनीपेक्षा फारसा वेगळा नाही. नोव्हाकच्या तारुण्यात हा धोका सतत होता, म्हणून तर त्याच्या शेजारी व्हेन हवे होते. (पुढे जॅगर मालिकेतून बाहेर पडले आणि बर्जेस मेरेडिथ नवे मुख्याध्यापक म्हणून आले, भूमिका बदलली, खुर्चीची गरज बदलली नाही.)

त्या दोन भागांचे प्रक्षेपण कधीच झाले नाही. मालिका पुढच्या वर्षी बंद पडली. डॉ. किल्डेअरच्या रुग्णालयात त्यानंतरही वर्षभर नवे रुग्ण येत राहिले. पण नोव्हाकच्या शाळेतला तो एक विद्यार्थी तेवढा आला नाही.