दहाव्याचं प्रवचन आणि बायपास

मामा वारकरी, आणि आमच्या भागात दहाव्याचं प्रवचन म्हटलं की त्यांचंच. घाटावर पिंड मांडलेले असतात, कावळा शिवत नाही म्हणून घरची माणसं कानकोंडी झालेली असतात, आणि माइकवर मामा सांगत असतात की देह जायचाच, आत्म्याला मरण नाही, रडू नका. त्या मामांच्या अँजिओग्राफीत तीन ब्लॉकेज निघाले. डॉक्टरांनी बायपास सांगितली. मामा म्हणाले, करायची नाही.

कारण सांगितलं ते माळेचं. गळ्यातली तुळशीची माळ उतरवायची नाही, असा त्यांचा नेम. मी हृदयरोगाच्या वॉर्डात नर्स आहे. भूल दिल्यावर मानेतल्या शिरेत नळी घालतात, तेव्हा माळ काढावीच लागते, हे त्यांना माझ्याकडूनच कळलं होतं.

"मामा, माळेसाठी जीव घालवणार?"

"माळेचं निमित्त गं," ते जरा वेळाने म्हणाले. "रात्री तीनला जाग येते. आपण नसू, एवढंच डोक्यात येतं आणि घाम फुटतो. नाम घेतो, पण नुसते ओठ हलतात."

"मग भीती वाटते, असं म्हणा. घरात कोण हसणार आहे तुम्हाला?"

"भीती वाटते हे सोपं आहे. वाटायला नको होती, हे अवघड आहे. नवरा गेलेल्या बाईला मी आत्मा अमर सांगितला आणि पाकीट खिशात घालून घरी आलो. आता माझी पाळी आल्यावर धावत टेबलावर जाऊन झोपू? मग इतकी वर्षं बोललो ते काय होतं?"

"आणि नाही झोपलात तर?"

"तर लोक म्हणतील, बोलला तसा वागला."

हे त्यांच्या तोंडून निसटलंच. मी ते सोडणार नव्हते. "म्हणजे ऑपरेशन केलं तर मरणाला भ्यालात, नाही केलं तर लोकांना. भीतीतून सुटका कुठंच नाही."

मामांना राग आला. वाद घालताना त्यांचा आवाज प्रवचनाच्या पट्टीत जातो. "आणि विनोबा? 1982 च्या नोव्हेंबरात पवनारला हृदयविकाराचा झटका आला. औषध सोडलं, अन्न सोडलं, पाणी सोडलं. दिवाळीच्या दिवशी गेले. त्यांनी काय लोकांना दाखवायला केलं?"

"विनोबा 87 वर्षांचे होते. 1970 मध्येच क्षेत्रसंन्यास घेऊन पवनारला बसले होते. त्यांनी आवरतं घेतलेलं होतं, मामा. तुम्ही परवा कांद्याचं रोप टाकलंत."

यावर त्यांना हसू आवरलं नाही.

"आणि दुसरं उदाहरण तुमच्याच तोंडून ऐकलंय," मी म्हटलं. "रमण महर्षी. डाव्या हातावर गाठ आली. 1949 या एका वर्षात चार ऑपरेशनं झाली, त्यांनी ती होऊ दिली. हात कापायचा विषय निघाला तेव्हा मात्र नको म्हणाले. 1950 च्या एप्रिलात गेले. ते भ्याले म्हणून टेबलावर गेले का?"

"छे! ते भ्याले होते सोळाव्या वर्षी. 1896 साल, मदुराईत काकांच्या घरी. अंगात आजार नाही, काही नाही, आणि एकाएकी मरणाची भीती. पोरगं कुणाला हाका मारायला गेलं नाही. प्रेतासारखं ताठ आडवं झालं, श्वास रोखला, आणि बघू लागलं की आता मरतंय ते कोण." मामा थांबले. "पण त्यांची भीती त्या दिवशी गेली ती कायमची. माझी का जात नाही?"

खरा प्रश्न हा होता. मला उत्तर माहीत नव्हतं. आत्मा अमर वगैरे मला कधी पटलेलं नाही. मॉनिटरवरची रेघ सपाट होताना मी बघते, पलीकडचं मला काही दिसत नाही. म्हणून मी गप्प राहिले. बोलले ते मामाच.

"पतंजलींनी योगसूत्रांत पाच क्लेश सांगितलेत. शेवटचा अभिनिवेश, म्हणजे जगण्याला चिकटून राहणं. आणि तो जाणत्यालाही सुटत नाही, असं तिथंच म्हटलंय. मी प्रवचनात सांगताना तेवढं भरकन पुढे जायचो."

"मग साधना कशाला करायची? न करणाराही भितो, करणाराही भितो."

"क्रियायोगाच्या साधनेने क्लेश पातळ होतात, एवढंच त्यांचं पहिलं आश्वासन आहे. मुळापासून जायचे तर फार पुढची मजल मारावी लागते. मी तिथं पोचलो नाही. पोचल्यासारखा बोलत होतो."

"पातळ झालेत हे ओळखायचं कसं?"

"ते तू सांग. तू रोज बघतेस."

वॉर्डातलं मी सांगितलं. आदल्या रात्री छातीवरचे केस काढताना प्रत्येकाची नाडी धावत असते. जप करणाऱ्याची धावते आणि आम्हाला शिव्या देणाऱ्याचीही. फरक वेगळ्याच ठिकाणी पडतो. कुणी एकच प्रश्न दहादा विचारतो आणि उत्तर ऐकत नाही. कुणाचे हात गार पडलेले असतात, तरी तो म्हणतो, सिस्टर, त्या शेजारच्या आजोबांचं सलाइन संपत आलंय. या दुसऱ्या माणसाला भीती कमी असते असं मला वाटत नाही. भीतीखेरीज बाकीचं त्याला दिसत असतं.

"म्हणजे भीती घरात असली तरी कारभार तिच्या हातात नाही," मामा म्हणाले. मग बराच वेळ ते माळेचे मणी चाचपत राहिले. "ऑपरेशन करू. माझ्या महाराजांना विचारून माळ उतरवतो, नंतर त्यांच्याच हातून घालून घेईन. पण तुला सांगतो, भीती गेली म्हणून हो म्हणत नाही. कांदा काढायचाय म्हणून म्हणतोय."

"आणि पुढच्या दहाव्याला काय सांगणार?"

"रडू नका, हे तरी नाही सांगणार. 1296 मध्ये आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली तेव्हा निवृत्तिनाथांना किती शोक झाला, ते नामदेवांच्या समाधीच्या अभंगांत आहे. थोरला भाऊ, वर गुरू. त्यांना कुणी म्हणालं का, की आत्मा अमर आहे, गप्प बसा?"

"रडणं वेगळं, मामा. भिणं वेगळं."

"वेगळं आहे. पण दोन्ही मी एकाच दमात मना करत होतो."

ऑपरेशन पुढच्या गुरुवारी आहे. तीनची जाग काही चुकलेली नाही. डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली आहे, ती मामा नेमाने घेतात.